लाकूड टिकवा, पण सोमल घरात आणू नका

कन्हान नदीच्या अलीकडे कामठी आणि पलीकडे कन्हान-पिपरी. जबलपूर रस्त्याच्या या पट्ट्यात दरवाजे-चौकटी, पलंग, खोकी, बैलगाडीचे व ट्रॉलीचे सुटे भाग, बांबूकाम अशा धंद्यांवर आपली अनेक कुटुंबे जगत आहेत. कोणी आरा मशीन चालवतो, कोणी वखारीत माल विकतो, कोणी रोजंदारीवर रंधा मारतो. या सर्वांची एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. "साहेब, लाकूड आता पूर्वीसारखे राहिले नाही. तीन पावसाळे झाले की गिऱ्हाईक परत येतो. चौकट खालून पोखरली म्हणतो. पुढच्या वेळी तो लोखंडी नाहीतर प्लास्टिकची चौकट घेतो."

तक्रार खरी आहे आणि तिला कारणही आहे. आपल्या विदर्भाच्या सागवानाचा लौकिक आजही कायम आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहूनच गेले. पण असा जुना, पक्क्या गाभ्याचा साग सामान्य गिऱ्हाइकाच्या खिशाला परवडत नाही. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात आदेश दिल्यापासून जंगलतोडीवर आणि आरा मशिनींवर कडक बंधने आली. त्यामुळे बाजारात जे येते ते बहुतेक रोपवनातील कोवळे सागवान, निलगिरी, सुबाभूळ, आंबा, सालई किंवा परदेशातून आलेले पाइन. हे लाकूड वाईट नाही. फक्त ते स्वतःचे रक्षण स्वतः करू शकत नाही. त्याला औषध द्यावे लागते.

प्रश्न एवढाच की कोणते औषध द्यायचे, कसे द्यायचे, आणि ते देताना कारागिराची, गिऱ्हाइकाची व नदीची हानी होणार नाही हे कसे पाहायचे. या लेखात आम्ही तांब्यावर आधारलेल्या औषधांची माहिती देत आहोत. जुन्या सोमलयुक्त औषधांपेक्षा ती कमी धोक्याची आहेत. "कमी धोक्याची" हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. लाकडातील बुरशी आणि किडा मारणारे कोणतेही औषध पूर्णपणे निर्धोक नसते.

लाकूड कशाने खराब होते?

लाकडाचे तीन मुख्य शत्रू आहेत. पहिला बुरशी. लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. म्हणून न्हाणीघराची चौकट, जमिनीत गाडलेला खुंट, पाणी मुरणाऱ्या भिंतीतील वासा हे आधी कुजतात, आणि त्याच झाडाचे कोरड्या खोलीतील कपाट पन्नास वर्षे टिकते. दुसरा शत्रू उधळी, म्हणजे वाळवी. ती जमिनीतून मातीच्या नळ्या करून वर चढते. तिसरा शत्रू भुसा पाडणारा भुंगेरा. नव्या पलंगाखाली पिठासारखी भुकटी पडलेली दिसते आणि लाकडाला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात, ते याचेच काम.

आपल्या कारागिरांना हे ठाऊक आहे की किडा पांढऱ्या लाकडाला आधी लागतो. झाडाच्या सालीलगतच्या पांढऱ्या भागात पिष्ट म्हणजे किड्याचे अन्न असते. आतल्या गाभ्यात झाडाने स्वतःच तेल, राळ वगैरे द्रव्ये साठवलेली असतात, म्हणून गाभा टिकतो. सागाचा गाभा अव्वल, पण सागाचेच पांढरे लाकूड भुंगेऱ्याला सहज बळी पडते. रोपवनातील कोवळ्या सागात गाभा कमी आणि पांढरे जास्त. "साग घेतला तरी किडला" या तक्रारीमागचे कारण हेच आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या फायद्याची आहे. जे पांढरे लाकूड लवकर किडते, तेच औषधही भरपूर पिते. गाभा औषध जवळजवळ पीतच नाही. म्हणजे योग्य औषध दिल्यास स्वस्त पांढरे लाकूडही महागड्या गाभ्याच्या जोडीला बसू शकते.

सोमलाच्या औषधाची कहाणी

लाकडाचे जगभर गाजलेले एक औषध आपल्याच देशात तयार झाले, हे फार थोड्यांना माहीत आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम आणि सोमल (आर्सेनिक) यांचे मिश्रण शोधले. त्याचे नाव पडले ॲस्क्यू. पुढे जगभर ते सीसीए या नावाने ओळखले गेले. १९३८ मध्ये त्याला अमेरिकेचे पेटंटही मिळाले. विजेचे खांब, रेल्वेचे लाकूड, खाणीतील टेकू, कूलिंग टॉवर, कुंपणाचे खुंट अशा ठिकाणी कोट्यवधी घनफूट लाकडाला हे औषध देण्यात आले.

त्यातील कामाची वाटणी अशी. तांबे बुरशी मारते. सोमल किड्यांना आणि तांब्याला न जुमानणाऱ्या काही बुरशींना मारते. क्रोमियम या दोघांना लाकडाच्या धाग्यांशी बांधून ठेवते, म्हणून पावसाने औषध सहजासहजी धुऊन जात नाही. टिकाऊपणात सीसीए अव्वल ठरले, यात वाद नाही.

वाद आहे तो सोमलाबद्दल. सोमल हे विष आहे हे आपल्या आजी-आजोबांनाही ठाऊक होते. त्याने कर्करोग होतो हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. औषध दिलेल्या लाकडातून थोडे थोडे सोमल बाहेर येत राहते. ते हाताला लागते, खालच्या मातीत उतरते. लहान मुले हात तोंडात घालतात, म्हणून झोपाळे, बाके आणि अंगणातील लाकडी जमीन याविषयी अमेरिकेत मोठी चर्चा झाली. शेवटी तेथील उत्पादकांनी सरकारी पर्यावरण संस्थेशी समझोता करून ३१ डिसेंबर २००३ नंतर घरगुती कामाच्या लाकडाला सीसीए देणे थांबवले. युरोपने २००४ पासून बंधने घातली, ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये घातली. खांब, बंदरातील लाकूड अशा काही कामांसाठी अमेरिकेत ते चालूच राहिले.

म्हणजे जेथे माणसाचा, विशेषतः मुलाचा, हात रोज लागतो तेथून सोमल दूर ठेवावे, असा निर्णय झाला. आपल्या कारागिरांनीही हाच नियम धरावा असे आम्हाला वाटते. पाळण्याला, पलंगाला, शाळेच्या बाकाला सोमल नको.

मोरचूद आपल्या ओळखीचाच

मग पर्याय काय? पर्यायाचा मुख्य घटक आपल्या ओळखीचा आहे. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. काटोल, नरखेड, पारशिवनी भागातील संत्रा बागायतदार झाडाच्या बुंध्याला जी बोर्डो पेस्ट लावतात, ती मोरचूद आणि चुना यांचीच असते. फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास द्राक्षावरील रोगासाठी हे मिश्रण पुढे आले. जी बुरशी झाडाला खाते, तिच्याच जातभाई लाकडाला खातात. म्हणून तांबे दोन्हीकडे चालते. माणसाला तांबे थोड्या प्रमाणात अन्नातूनही लागते, आणि सोमलाप्रमाणे ते कर्करोग करणारे म्हणून गणले जात नाही.

पण नुसता मोरचूद पाण्यात विरघळवून लाकडाला दिला तर एक अडचण येते. तो लाकडात बांधला जात नाही आणि पावसाने धुऊन जातो. शिवाय काही बुरशी तांबे पचवतात, आणि उधळीवरही नुसते तांबे पुरेसे पडत नाही. म्हणून तांब्याला जोडीदार द्यावा लागतो. हे जोडीदार बदलून पुढील औषधे तयार झाली.

पहिले सीसीबी. यात तांबे आणि क्रोमियम तेच, फक्त सोमलाच्या जागी बोरॉन. आपल्या आयएस ४०१ या मानकात हे दिलेले आहे. त्याचे प्रमाण असे: बोरिक ॲसिड १.५ भाग, मोरचूद ३ भाग, सोडियम किंवा पोटॅशियम डायक्रोमेट ४ भाग. सोमल पूर्णपणे गेले ही जमेची बाजू. उणी बाजू अशी की बोरॉन पक्का बांधला जात नाही, सतत पाण्यात राहिल्यास तो हळूहळू निघून जातो. आणि डायक्रोमेट हा कोरड्या व ओल्या अवस्थेत घातक पदार्थ आहे. त्याने त्वचेला न भरणाऱ्या जखमा होतात आणि त्याची धूळ कर्करोगाला कारण ठरते. लाकडात मुरल्यावर त्याचे रूप बदलून तो बराच सौम्य होतो. म्हणजे सीसीबीमध्ये वापरणाऱ्या गिऱ्हाइकाचा धोका कमी झाला, औषध कालवणाऱ्या कारागिराचा धोका राहिलाच. ही गोष्ट मालकांनी विसरू नये.

दुसरे एसीक्यू आणि तिसरे कॉपर अझोल. यांत सोमलही नाही आणि क्रोमियमही नाही. एसीक्यूमध्ये तांब्याच्या जोडीला जंतुनाशक साबणाच्या जातीचे एक द्रव्य असते. कॉपर अझोलमध्ये पिकांवर फवारतात त्या जातीचे बुरशीनाशक असते. अमेरिकेत २००४ पासून घरगुती लाकडासाठी सीसीएची जागा मुख्यतः यांनीच घेतली. पुढे तांब्याची अतिशय बारीक पूड पाण्यात तरंगत ठेवून ती लाकडात भरण्याची पद्धतही तेथे आली. यांत तांब्याचे प्रमाण जास्त असल्याने खर्च जास्त येतो, आणि सीसीएच्या तुलनेत तांबे थोडे अधिक धुऊन जाते.

चौथे, ज्यात तांबे नाही पण जे येथे सांगणे जरूर आहे, ते म्हणजे टाकणखार आणि बोरिक ॲसिड यांचे मिश्रण. घरातील कोरड्या कामासाठी हे सर्वांत सौम्य. रंग नाही, वास नाही, पॉलिश नीट बसते. पावसात मात्र ते टिकत नाही.

काही जुनी औषधे आता मनातून काढून टाकावीत. आल्ड्रिन, क्लोरडेन, लिंडेन, पेंटाक्लोरोफिनॉल यांवर भारतात बंदी आहे. एखाद्याच्या कोठारात जुना डबा असेल तर तो वापरू नये आणि विकूही नये. क्रिओसोट हे कोळशाच्या डांबरापासून काढलेले तेल रेल्वेच्या स्लीपरसाठी वापरले गेले, पण ते घराच्या आत वापरण्याजोगे नाही.

कोणत्या कामाला काय?

पलंग, कपाट, दिवाण, घरातील कोरड्या जागेची चौकट: टाकणखार-बोरिक ॲसिड पुरे.

न्हाणीघराची व बाहेरच्या दाराची चौकट, छपराचे वासे, मयाली, खिडक्या: सीसीबी किंवा एसीक्यू, आणि वरून रंग.

कुंपणाचे खुंट, फाटकाचे खांब, गोठ्याचे खांब, जमिनीला टेकणारे काहीही: तांब्याचे औषध, आणि तेही दाबाने भरलेले. येथे ब्रशने काम होत नाही.

संत्र्याच्या लदलेल्या फांद्यांना द्यायचे बांबूचे टेकू: मोरचूदयुक्त औषध. त्याची कृती पुढे दिली आहे.

काही वस्तूंना यांपैकी कोणतेही औषध देऊ नये. पोळपाट, लाटणे, काठवट, मसाल्याचे डबे, कसाई बांधवांचा चिंचेचा ठोकळा, जनावरांची गव्हाण आणि फळांची खोकी ही अन्नाला लागतात. त्यांना साधे पक्के लाकूड वापरावे आणि ते कोरडे ठेवावे. परदेशी जाणाऱ्या मालाच्या खोक्यांचा नियम वेगळा आहे. त्याला आयएसपीएम १५ म्हणतात. त्यात लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता ३० मिनिटे द्यावी लागते आणि अधिकृत शिक्का मारावा लागतो. तांब्याचे औषध दिले म्हणून तो शिक्का मिळत नाही.

आपल्या कब्रस्तानांसाठी वखारीतून ज्या फळ्या व बांबू जातात, त्यांनाही औषध देण्याचे कारण नाही. ते लाकूड मातीत मिळून जाण्यासाठीच असते. उगाच विष मातीत कशाला घालावे?

औषध देण्याच्या पद्धती

आपल्याकडे सर्रास चालणारी पद्धत म्हणजे खुंटाच्या तळाला डांबर किंवा गाडीचे जळके ऑईल फासणे. त्याने काहीच होत नाही असे नाही, पण औषध फक्त कातडीवर बसते. लाकूड वाळताना तडा गेला की त्यातून बुरशी आणि उधळी आत शिरतात आणि वरचे कवच तसेच राहून आतून पोकळी होते. ब्रशने लावलेले पाण्यातले औषधही एक-दोन मिलिमीटरच्या पुढे क्वचितच जाते.

बुडवून ठेवण्याची पद्धत त्याहून बरी. टाकणखार-बोरिकसाठी तर लाकूड ओले असलेलेच चांगले. ताजे चिरलेले ओले लाकूड दाट द्रावणात बुडवून काढावे, थप्पी लावून प्लास्टिकने झाकावे आणि काही आठवडे तसेच ठेवावे. औषध ओलाव्यातून स्वतःच आत पसरते. लहान कारागिराला हे यंत्राशिवाय जमते.

तिसरी पद्धत दाबाची. १८३८ मध्ये इंग्लंडात जॉन बेथेल यांनी तिचे पेटंट घेतले आणि आजही तीच मुख्य आहे. येथे लाकूड आधी वाळवावे लागते, ओलावा सुमारे २५ टक्क्यांच्या खाली आणावा लागतो. पोलादी टाकीत लाकूड भरून झाकण बंद करतात. पंपाने आतील हवा काढतात, सुमारे ५६ सेंटिमीटर पाऱ्याइतकी पोकळी अर्धा तास ठेवतात. मग औषध आत सोडतात आणि दाब देतात. लाकडाच्या जातीप्रमाणे हा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३.५ ते १२.५ किलोपर्यंत असतो. लाकूड औषध पिणे थांबवेपर्यंत दाब कायम ठेवायचा. शेवटी पुन्हा पोकळी करून टपकणारे औषध काढून घ्यायचे. चिरणे, भोके पाडणे, खाचा करणे ही सर्व कामे शक्यतो आधी करावीत. नंतर कापल्यास कापलेल्या तोंडाला औषध पुन्हा लावावे.

सीसीबी दिलेले लाकूड टाकीतून निघाल्यावर सावलीत दोन-तीन आठवडे थप्पी लावून ठेवले पाहिजे. सुरुवातीला त्यावर पिवळसर-नारिंगी झाक असते. औषध बांधले जाऊ लागले की ती जाऊन हिरवट रंग येतो. झाक असेपर्यंत उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि पावसात ठेवू नये. घाईने दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाइकाला माल देणे चुकीचे आहे.

बांबूसाठी बुशेरी नावाच्या फ्रेंच संशोधकाची एकोणिसाव्या शतकातील युक्ती अजून चालते. त्याने ताज्या ओल्या खांबाच्या एका टोकाला मोरचूदाचे द्रावण लावून आतील रस दुसऱ्या टोकाने बाहेर काढला. बांबू तोडल्यावर लगेच, त्याच दिवशी, जाड टोकाला रबरी नळी घट्ट बसवावी आणि उंचावरील टाकीतून किंवा हातपंपाने औषध सोडावे. दुसऱ्या टोकाने आधी रस आणि मग औषध टपकू लागते. तेव्हा बांबू भरला असे समजावे. वाळलेल्या बांबूला ही युक्ती लागू पडत नाही.

मोरचूदाचे द्रावण लोखंडी भांड्यात कधीही ठेवू नये. तांबे लोखंडावर चढते, भांडे खाल्ले जाते आणि औषध दुबळे होते. प्लास्टिकचे ड्रम वापरावेत.

हिशोब कसा करावा?

औषध किती शिरले हे रंगावरून कळत नाही. ते वजनावरून कळते. अमेरिकेच्या मानकात जमिनीला टेकणाऱ्या लाकडासाठी सीसीए आणि एसीक्यू यांचे प्रमाण घनमीटरला ६.४ किलो धरले गेले. आपण घनफुटात व्यवहार करतो. एका घनमीटरचे ३५.३ घनफूट होतात, म्हणजे घनफुटाला सुमारे १८१ ग्रॅम कोरडे औषध.

समजा एक घनफूट वाळलेले लाकूड औषध देण्यापूर्वी २० किलो भरले आणि टाकीतून निघाल्यावर २४ किलो भरले. त्याने ४ किलो द्रावण प्यायले. द्रावण ४ टक्क्यांचे असेल तर आत १६० ग्रॅम औषध गेले. हे १८१ पेक्षा कमी आहे. तेच द्रावण ५ टक्क्यांचे केले तर २०० ग्रॅम जाईल आणि काम होईल. प्रत्येक खेपेत पाच-सहा नगांवर खुणा करून त्यांचे आधीचे व नंतरचे वजन वहीत लिहून ठेवावे. ही वही गिऱ्हाइकाला दाखवता येते. कोणत्या कामाला किती प्रमाण हवे हे आयएस ४०१ मध्ये पाहून घ्यावे.

खिळे आणि बिजागऱ्या

तांब्याच्या औषधाचा एक दोष कारागिराने लक्षात ठेवावा. त्याने साधे लोखंड लवकर गंजते. एसीक्यू आणि कॉपर अझोल या बाबतीत सीसीएपेक्षा जास्त कडक आहेत. अमेरिकेत बदल झाला तेव्हा खिळ्यांचे मानकही बदलावे लागले. अशा लाकडात वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले खिळे किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत. नुसती चकाकी दिलेले स्वस्त खिळे टिकणार नाहीत, आणि ॲल्युमिनियमची पट्टी थेट टेकवू नये. लाकूड शाबूत आणि बिजागरी गळून पडली, तरी गिऱ्हाईक दोष आपल्यालाच देणार.

कारागिराची तब्येत, भट्टी आणि नदी

औषध कालवणाऱ्याने रबरी हातमोजे, चष्मा आणि नाकावर मास्क वापरावा. औषध दिलेले लाकूड कापताना मास्क हवाच. साध्या लाकडाचा भुसाही निर्धोक नाही. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले आहे. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. जेवणापूर्वी आणि नमाजसाठी वजूला जाण्यापूर्वी हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन घ्यावेत. औषधाचे हात मशिदीच्या हौदात घालू नयेत. कारखान्यात मुले कामाला किंवा खेळायला असता कामा नयेत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. औषध दिलेले लाकूड, त्याचे तुकडे आणि भुसा कधीही जाळू नये. सोमलाचे लाकूड जाळले की सोमल धुरातून बाहेर पडते आणि उरलेले राखेत साठते. ती राख भांडी घासायला किंवा परसात टाकायला वापरली तर विष घराघरात पोहोचते. आपल्या बेकऱ्या, नानच्या भट्ट्या, हॉटेले आणि शादीतील देगांच्या चुली यांना भंगारातले स्वस्त लाकूड लागते. जुन्या कूलिंग टॉवरचे, जुन्या खांबाचे, हिरवट झाक असलेले लाकूड भंगारात आले तर ते भट्टीवाल्याला देऊ नये. भट्टीवाल्यानेही ते घेऊ नये. दोन पैसे वाचतील, पण रोटी खाणाऱ्याचे काय?

तिसरी गोष्ट नदीची. कन्हान नदीचे पाणी शुद्ध करून नागपूर शहराला पिण्यासाठी दिले जाते. काठच्या गावांचेही ते पाणी आहे, आणि ढीवर बांधवांची रोजी याच पाण्यातील मासळीवर आहे. तांबे माणसाला सोमलापेक्षा सौम्य असले तरी माशांना अगदी थोड्या प्रमाणातही घातक आहे. उरलेले द्रावण, ड्रम धुतलेले पाणी नाल्यात सोडू नये. उरलेले द्रावण पुढच्या खेपेला वापरता येते. टाकीखाली सिमेंटचा ओटा आणि कठडा असावा, टपकलेले औषध परत टाकीत जाईल अशी सोय असावी. मोठे काम करायचे तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आधी घ्यावी. मागाहून नोटीस आल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

व्यापारातील अमानत

हिरवा रंग लावून "ट्रीटेड माल" म्हणून विकणे फार सोपे आहे. गिऱ्हाइकाला वरून फरक कळत नाही. तो कळतो तीन वर्षांनी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढली आणि विक्रेत्याला जाब विचारला, ही घटना आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याला माहीत आहे. वरून सुके आणि आतून ओले धान्य, तसेच वरून हिरवे आणि आतून कच्चे लाकूड. दोन्हींत फरक नाही.

खरेदी करणाऱ्याने फळी मधोमध कापून पाहावी, टोकाला नव्हे, कारण टोकाला औषध नेहमीच जास्त शिरते. पांढऱ्या भागात रंग किती खोल गेला आहे हे दिसते. शंका असल्यास क्रोम अझुरॉल नावाचे रसायन कापलेल्या जागी लावतात. तांबे असेल तेथे गडद निळा रंग उमटतो. विकणाऱ्याने बिलावर औषधाचे नाव, द्रावणाचे टक्के आणि तारीख लिहावी. सीसीएचा माल असेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि तो घरातील कामासाठी नाही हेही सांगावे. दोष सांगून विकलेला माल कमी नफा देईल, पण तो हलाल असेल आणि गिऱ्हाईक परत येईल.

एकट्याने होत नसेल तर

दाबाची टाकी, दोन पंप, साठवण टाकी आणि छप्पर हा खर्च एका सुताराच्या आवाक्याबाहेर आहे. पण कन्हान, कामठी, पारशिवनी या भागातील दहा-पंधरा कारागीर आणि दोन-तीन वखारवाले शिरकतीने एकत्र आले तर व्याजाच्या कर्जाशिवायही असे केंद्र उभे राहू शकते. प्रत्येकाने भांडवल घालावे, नफा आधी ठरवलेल्या हिश्शाने वाटावा, नुकसान भांडवलाच्या प्रमाणात सोसावे, आणि बाहेरच्यांचा माल घनफुटाच्या दराने करून द्यावा. हिशोबाची वही सर्वांसाठी उघडी असावी. लेखी करार असावा, तोंडी भरवशावर भागीदारी करू नये.

त्यापूर्वी तंत्राची माहिती घ्यावी. जबलपूरची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था आपल्याच रस्त्यावर आहे. डेहराडूनची वन संशोधन संस्था आणि बंगळुरूची काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था याही आहेत. या सरकारी संस्था आहेत, त्यांच्याकडे पत्र पाठवण्यात किंवा जाऊन विचारण्यात संकोच बाळगू नये. आपले शिकलेले तरुण नोकरीच्या शोधात फिरत आहेत. त्यांच्यापैकी दोघांनी जरी रसायनशास्त्राचे ज्ञान या धंद्यात आणले तरी वडिलांचा धंदा वाचेल आणि त्यांनाही रोजी मिळेल.

ज्यांना एवढे शक्य नाही त्यांनी निदान आजपासून चार गोष्टी कराव्यात. घरातील फर्निचरच्या पांढऱ्या लाकडाला टाकणखार-बोरिकमध्ये बुडवावे. चौकटीचे पाय थेट जमिनीत न गाडता दगडावर किंवा सिमेंटवर उभे करावेत. औषध दिलेल्या लाकडाचे तुकडे भट्टीला देऊ नयेत. आणि गिऱ्हाइकाला मालाबद्दल खरे ते सांगावे. लाकूड हे अल्लाहने दिलेली देणगी आहे. एक चौकट पाच वर्षांऐवजी पंचवीस वर्षे टिकली तर चार झाडे वाचतात आणि आपल्या कामाचे नावही राहते. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.